जलतरणाच्या वर्गानंतर बालकाचे वस्त्रधारण : पायजम्याआधीचा विचार

कल्याण-शीळ मार्ग, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता आणि महापेकडे उतरणारा रस्ता जेथे एकत्र येतात तो शीळफाटा वाहतूक कोंडीसाठी सर्वांना परिचित आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत या परिसरात मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली. त्यांतील अनेकांत जलतरण तलाव आहेत, आणि ज्या कुटुंबांना ती सोय नाही ती डोंबिवली, ठाणे येथील तलावांवर मुलांना नेतात. लहान मुलांचे वर्ग बहुधा सायंकाळी असतात. वर्ग संपला की आई मुलाला तलावाच्या काठावरच रात्रीचा पायजमा-सदरा चढवते, म्हणजे घरी पोहोचताच त्याला भरवून निजवता यावे. पुष्कळदा मूल रिक्षातच खांद्यावर झोपी जाते. कोंडीत अडकलेल्या आईवडिलांना ही सोय किती मोलाची वाटत असेल हे आपण समजू शकतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा पायजमा आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या भागात बालरुग्ण तपासणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना एप्रिल-मे महिन्यांत एक तक्रार हमखास ऐकावी लागते : ‘पोहायला घातले आणि सर्दी मागे लागली.’ पाठोपाठ प्रश्न येतो, ‘बंद करू का?’ आपण मान डोलावली की मुलाचे पोहणे बहुधा कायमचे सुटते. मान डोलावण्यापूर्वी थोडे थांबावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

थांबण्याचे कारण भूगोलात आहे. ठाणे जिल्हा हा खाडीचा, उल्हास नदीचा आणि दगडखाणींचा प्रदेश आहे. मुंब्रा, शीळ, डायघर या पट्ट्यातील डोंगर खडीसाठी पोखरले गेले, आणि खणून सोडून दिलेल्या खाणींत पावसाळ्यात पाणी साठते. त्यांचा काठ उभा असतो, तळ दिसत नाही. अशा पाण्यात मुले बुडाल्याच्या बातम्या जिल्ह्यातील वाचकांना नव्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. सर्दी चार-आठ दिवसांत बरी होते. पोहता न येण्याला औषध नाही.

मग सर्दी येते कोठून? अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात नासारोगांच्या अध्यायात प्रतिश्यायाचे हेतू सांगताना दंव, वारा, धूळ, अतिनिद्रा, जागरण यांची गणना केलेली आहे. अति जलपान व पाण्यातील अतिरेकही त्यात येतात हे खरे. परंतु अर्ध्या-पाऊण तासाच्या देखरेखीखालील वर्गाला अतिरेक म्हणता येणार नाही. उलट ओल्या केसांचे मूल दुचाकीवर पुढे उभे करून खडीच्या ट्रकांमागून शीळफाट्याच्या रांगेत नेले, तर वारा आणि धूळ हे दोन्ही हेतू एकाच प्रवासात घडतात. दूषण मात्र तलावाला मिळते. आधुनिक दृष्टीने सर्दी हा विषाणूजन्य आजार आहे. कपडे बदलण्याच्या दाटीवाटीच्या खोलीत खोकणारी मुले आणि एकमेकांचे टॉवेल हेही कारण लक्षात घ्यावे लागते.

आता वस्त्राकडे वळू. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमाराच्या शय्या, आसन व प्रावरणांचे वर्णन आहे. ती मृदू, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत, घाम, मळ, जंतू, मलमूत्र यांनी दूषित झालेली वर्ज्य करावीत, आणि दुसरी उपलब्ध नसल्यास तीच उत्तम धुऊन, धूपन करून, शुद्ध व कोरडी झाल्यावर वापरावीत, असा त्याचा आशय आहे. या वर्णनात ऊबदारपणाचा उल्लेख प्राधान्याने नाही, कोरडेपणाचा आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडील पालकांचा क्रम नेमका उलटा असतो. ‘बाधेल’ या भीतीने आधी झाकायचे, पुसायचे जमेल तसे. पोहण्याचा पोशाख अंगावर तसाच ठेवून त्यावर जाड पायजमा चढवलेली मुले कोणत्याही तलावाच्या फाटकाशी दिसतात. चौकशी केली असता ‘कपडे लगेच घातले होते’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते.

झाकलेला ओलावा काय करतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्वचेवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. अठरा किलो वजनाच्या बालकाचे शरीर एक अंश सेल्सिअसने थंड होण्यास साधारण १५ किलोकॅलरी जावी लागतात. म्हणजे अवघे २५-२६ मिलिलीटर पाणी तेवढी उष्णता नेऊ शकते, आणि नीट न पुसलेल्या केसांत व ओल्या पोशाखात त्याहून कितीतरी अधिक पाणी असते. ही सर्व उष्णता शरीरातूनच जाते असे नाही, शरीर नवी उष्णताही निर्माण करीत असते. तरीही मूल का कुडकुडते याची कल्पना यावी. त्यात पाच वर्षांच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या तुलनेत प्रौढाच्या दीडपट असते.

पुसणे हे कौशल्याचे काम आहे. पाण्यातून निघाल्यावर साध्या किंवा कोमट पाण्याने सर्वांग धुवावे, कारण तलावातील क्लोरीन घाम व मूत्राशी संयोग पावून जी उग्र वासाची द्रव्ये तयार करतो ती त्वचा, डोळे व श्वासमार्ग यांना क्षोभक असतात. डोक्यावर कढत पाणी मात्र घेऊ नये. अधोभागास उष्ण जल बलदायक आणि उत्तमांगास ते केस व नेत्रांना अहितकर, हा वाग्भटाचार्यांचा विवेक येथेही लागू आहे. नंतर पोशाख पूर्ण उतरवावा. पुसण्यास जाड टॉवेलपेक्षा सुती पंचा किंवा घरातील धुवट जुनेर अधिक चांगले, ते पाणी चटकन शोषते. डोके प्रथम पुसावे व शेवटी पुन्हा एकदा पुसावे. काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागील बाजू, पायाच्या बोटांमधील जागा ही ठिकाणे हमखास राहतात. पंचा ज्याचा त्याचा स्वतंत्र असावा. दद्रूचे चिवट, औषधांना न जुमानणारे प्रकार अलीकडच्या वर्षांत सर्वत्र आढळत आहेत, आणि एकच टॉवेल भावंडांत फिरणे ही त्या संक्रमणाची राजरोस वाट आहे.

कानांविषयी स्वतंत्रपणे सांगणे अवश्य आहे. मान एका बाजूस कलवून कानाची पाळी हळुवार ओढली की बहुतेक पाणी निघून जाते. बाहेरील भाग पंच्याच्या टोकाने टिपावा. काडी, पीन, कापसाचा बोळा आत घालू नये. कान ओला राहून बाह्य कर्णनलिकेस शोथ झाल्यास कानाची पाळी हलविताच मूल कळवळते, ही खूण पालकांस सांगून ठेवावी. कर्णपूरणाचा मोह येथे टाळावा. कान वाहत असल्यास अथवा पडद्यास छिद्र असल्याची शंका असल्यास तेल घालणे अहितकारक आहे, व अशा मुलाने पाण्यात उतरू नये. कर्णरोग, नेत्ररोग, पीनस, अतिसार, आध्मान, अजीर्ण या अवस्थांत व जेवणानंतर लगेच स्नान निषिद्ध मानले आहे. पोहण्यालाही हाच नियम लावावा.

इतके झाल्यावर पायजमा. तो सुती, सैल आणि धुवट असावा. कृत्रिम धाग्याचे लोकरीसारखे रात्रपोशाख थंड देशांसाठी शोभून दिसतात. ठाणे-कल्याणच्या मे महिन्यातील दमट हवेत त्यांत मूल दहा मिनिटांत घामेजते आणि पुसून मिळवलेला कोरडेपणा वाया जातो. कमरेचे इलॅस्टिक काचणारे नसावे. पायजमा पायघोळ व बाह्या लांब असल्यास तिन्हीसांजेच्या डासांपासून थोडे संरक्षण मिळते, हा या पद्धतीचा एक लाभच आहे. केस वाळेपर्यंत टोपी अथवा कुंची घालू नये. प्रवासात वारा लागत असल्यास डोक्यास कोरडा पंचा सैल गुंडाळावा व तो भिजताच बदलावा. दुचाकीऐवजी रिक्षा अथवा बस शक्य असेल तर तीच बरी.

पावसाळ्यात अडचण निराळी. सदनिकांच्या सज्ज्यांत दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि सकाळचा दमट पायजमा संध्याकाळी तसाच पिशवीत भरला जातो. वर्षाऋतूत धूपित वस्त्रे वापरण्याचा उपदेश ऋतुचर्येत आहे. काश्यपसंहितेने तर धूपकल्पाचा स्वतंत्र अध्यायच दिला आहे. वेखंड, गुग्गुळ, मोहरी, किंचित तूप यांचा धूप पालथ्या टोपलीखाली करून वर कपडे पसरावेत. मूल त्या खोलीत नसावे, विशेषतः श्वासाचा त्रास असणारे.

वैद्यांकडून अनेकदा विचारणा होते ती स्नेहाची. तेल लावून तलावात उतरणे योग्य नाही. तलावाचे पाणी त्याने बिघडते. पोहून, पुसून झाल्यावर तीळतेल किंवा खोबरेल हातापायांस व कोरड्या पडलेल्या त्वचेस बेताने चोळावे. कफग्रस्त व अजीर्णी बालकास तेही नको, कारण अभ्यंगाच्या निषेधात हे दोन्ही आहेत. सर्दीच्या भीतीने काठावरच नाकात तेल सोडणाऱ्या पालकांस समजावून परावृत्त करावे. स्नान केलेल्याला व करू इच्छिणाऱ्याला नस्य वर्ज्य, आणि सात वर्षांखाली तर प्रतिमर्शाखेरीज नस्य नाहीच.

आहाराबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. वर्गापूर्वी दीड-दोन तास हलके खाणे, परतल्यावर मूगडाळीची गरम खिचडी किंवा पेज. फाटकावरील आइस्क्रीमविषयी प्रत्येक वैद्य आपापल्या स्वभावानुसार बोलतोच.

बालकास व्यायाम वर्ज्य आहे, मग पोहणे कसे चालेल, असा आक्षेप काही ज्येष्ठ मंडळी घेतात. ग्रंथात बालकाने व्यायाम टाळावा असे आहे, आणि बाल्य सोळा वर्षांपर्यंत मानले आहे, हेही खरे. हा निषेध अक्षरशः पाळायचा तर तालुक्यातील सर्व शाळांची मैदाने बंद करावी लागतील! शिक्षकाने लहानग्यांचा वर्ग क्रीडेच्या पातळीवर ठेवावा, अर्ध्या शक्तीपलीकडे दमवू नये, ओठ निळसर होण्याआधी मुलाला बाहेर काढावे, एवढा अर्थ त्यातून घेणे उचित ठरेल.

शेवटी झोपेविषयी. ही गोष्ट पालकांस सांगावयाची आपल्याकडून बहुधा राहून जाते. पोहून दमलेले मूल पायजमा घालताच पेंगते. ते स्वाभाविक असल्याने कोणी लक्ष देत नाही. परंतु त्या दिवशी मूल पाण्याखाली गेले असेल, त्याला ओढून बाहेर काढावे लागले असेल, नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला असेल, तर त्या पेंगण्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. थांबत नसलेला खोकला, जलद किंवा कष्टाने होणारा श्वास, तोंडास फेस, वांती, हाक मारूनही नीट जाग न येणे, ओठांचा बदललेला रंग, यांपैकी काहीही दिसल्यास त्याला निजवू नये, काढा पाजू नये, आपल्या चिकित्सालयातही थांबवू नये. ही लक्षणे काही तासांनंतरही प्रकट होऊ शकतात. अशा बालकास प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि तेथील डॉक्टरांस तो पाण्याखाली गेल्याची गोष्ट प्रथम सांगावी. शीळफाट्याची कोंडी ध्यानात घेऊन जवळचे असे रुग्णालय कोणते आणि सायंकाळी तेथे कोणत्या रस्त्याने पोहोचता येते, हे वर्गात नाव घालतानाच पाहून ठेवावयास पालकांस सांगावे.