मिळवती माता आणि घरचे जाते



वारकरी बंधुभगिनींनो, विषय नेहमीपेक्षा थोडा निराळा आहे. पण आपला संप्रदाय घर सोडून रानात जा असे सांगत नाही. चोखोबा, गोरोबा, सावतोबा, सेना महाराज हे सारे प्रपंची आणि हातचे काम करणारे. तेव्हा प्रपंचात जिथे गाठ पडली असेल तिथे बोट ठेवणे हेही निरूपणच होय. आज बहुत घरांत ही गाठ एकाच ठिकाणी पडली आहे. घरची सून किंवा लेक शाळेत शिकवते, दवाखान्यात परिचारिका असते, एस.टी.त तिकिटे फाडते, अंगणवाडी चालवते, कारखान्यात पाळीवर जाते, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. आणि तीच लहान मुलाची आईही असते. पहाटे चारला तिचा दिवस सुरू होतो आणि सगळे निजले की संपतो. तिने नोकरी आणि मातृधर्म यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा प्रश्न. कीर्तन संपल्यावर लोक ज्या शंका विचारतात, त्याच येथे क्रमाने घेतो.

पहिली शंका अशी की, आईने मूल घरी ठेवून कामाला जावे, हे मातृधर्माला सोडून नव्हे काय?

आता बघा, देवाला 'आई' म्हणणारा आपला संप्रदाय. विठोबाची विठाई केली, ज्ञानदेवांना माउली म्हटले. मग ही आई संतांनी कशी पाहिली? जनाबाईंचा एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात आकाशात हिंडणारी घार आहे, अंगाशी पिलू धरून झाडावर फिरणारी वानरी आहे, आणि कामात गुंतलेली, पण चित्त बाळापाशी असलेली माता आहे. विठ्ठल आमची माय आहे तो असा, हे त्या अभंगाचे तात्पर्य. नामदेवरायांनीही सकाळी चाऱ्याला गेलेली पक्षिणी आणि घरट्यात तिची वाट पाहणारे पिलू हाच दृष्टान्त घेतला. म्हणजे देवाच्या वात्सल्याला उपमा शोधताना संतांनी पलंगावर बसलेली आई निवडली नाही. कामात गुंतलेली, घरट्याबाहेर गेलेली आई निवडली. जी आई साक्षात विठ्ठलाची उपमा झाली, तिला 'तू मूल टाकून गेलीस' असे म्हणणारे आपण कोण? शब्दच चुकतो. टाकणे वेगळे आणि त्याच्याचसाठी बाहेर जाणे वेगळे.

तेव्हा भगिनींनो, कामाच्या जागी बसून 'मी वाईट आई आहे' असे मनाला खात बसू नका. ती खंत मुलाच्या पोटात घास घालीत नाही, आणि तुमच्या हातचे कामही नीट होऊ देत नाही.

पण दृष्टान्त अर्धवट घेऊ नये. कासवी पैलतीरावर राहून नुसत्या दृष्टीने पिले वाढवते, असे संत सांगतात. प्राणिशास्त्राचा वाद येथे नको. मनुष्याचे मूल मात्र नुसत्या दृष्टीवर वाढत नाही. त्याला दूध लागते, त्याचे ढुंगण धुवावे लागते, रात्री ताप आला तर कपाळावर घडी ठेवावी लागते. आई चाऱ्याला गेली, तर घरट्यात कोण? हा खरा प्रश्न आहे, आणि तो आईला विचारायचा नसून घराला विचारायचा आहे. त्याचे उत्तर तिसऱ्या शंकेत येईल.

दुसरी शंका बायकांचीच असते. नोकरी आणि घर यांत नामाला वेळ उरत नाही, परमार्थ बुडाला असे वाटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, मनुष्य आपल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करून सिद्धीला जातो. ज्ञानदेवांनी त्यावर लिहिताना स्वकर्मांनाच फुले म्हटले. या फुलांना निराळी बाग लागत नाही. पोराला न्हाऊमाखू घालणे हे एक फूल, रुग्णाच्या हाताची पट्टी बदलणे हे दुसरे. दोन्ही त्याच एका चरणावर पडतात. मुखाने नाम घ्यावे. ते पोळी लाटताना, गाडीत उभे राहून, पाळणा हलवताना घेता येते. त्याला सोवळे लागत नाही की मुहूर्त लागत नाही.

एका गावी कीर्तनानंतर एक अंगणवाडी सेविका थांबली. म्हणाली, "महाराज, रात्री हरिपाठाला बसते आन् तिसऱ्या-चौथ्या अभंगालाच डोळा लागतो. पाप लागतं का हो?" मी विचारले, "माई, तू उठतेस कधी?" म्हणाली, "चारला." "आणि घरातली बाकीची?" ती नुसती हसली. तिला सांगितले, "माई, तुझी झोप पाप नव्हे. आई निजली तर विठाई रागावत नाही." पण ते हसू माझ्या मनात राहिले, आणि म्हणून ही तिसरी शंका सविस्तर घेतो.

तिसरी शंका पुरुषांची: घरकाम हा बाईचा धर्म, पुरुषाने भांड्याला हात लावणे शोभते काय?

पंढरपूरजवळ गोपाळपूर आहे. आषाढी पौर्णिमेला तिथे काला होतो. तिथे जनाबाईचे जाते दाखवतात, आणि वारकरी मोठ्या भावाने त्याला हात लावून फिरवतात. जनी दमली, तेव्हा देव तिच्याबरोबर दळायला बसला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ऐकताना डोळ्यांना पाणीही आणले आहे. आता मनाशी विचारावे: जे जाते फिरवताना प्रत्यक्ष पांडुरंगाला कमीपणा वाटला नाही, ते आपल्या घरी फिरवताना आपल्याला का वाटावा? गोपाळपूरच्या जात्याला हात लावून पुण्य घ्यायचे, आणि घरी बायको एकटी राबते तिथे ताटावर बसून 'मीठ कमी आहे' म्हणायचे, याला भक्ती कशी म्हणावी?

व्याकरणाच्या अंगानेही पाहू. 'भर्ता' हा शब्द 'भृ' धातूपासून आला. भरण करतो तो भर्ता. जिचे भरण करायचे ती भार्या. आता घरात पत्नीही पगार आणते, मुलांची फी भरते, किराणा भरते. म्हणजे भर्तेपणाचा अर्धा भार तिने उचलला. मग गृहिणीपणाचा अर्धा भार कोणी उचलायचा? न्यायाने पाहता याचे उत्तर एकच आहे. शिवाय 'सहधर्मचारिणी' या शब्दातला 'सह' काही तिलाच एकटीला बांधत नाही. दोघे असल्याशिवाय 'सह' होतच नाही.

सरकारने २०२४ साली देशात लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जात होती, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे तिची पावणेपाच तासांहून अधिक आणि त्याचा जेमतेम दीड तास. जाते दोघांचे, पण खुंटा एकटीच्या हातात!

गोरोबाकाकांची कथा येथे जपून आठवावी. तेरला काकांची पत्नी मूल त्यांच्यापाशी सोपवून पाण्याला गेली. काका चिखल तुडवताना नामात देहभान विसरले आणि मूल पायाखाली आले. पुढे देवाने ते परत दिले. कथेचा गाभा तन्मयता हाच आहे, यात शंका नाही. परंतु काकांची योग्यता काकांपाशी. आपले लक्ष नामात नसते. वर्तमानपत्रात, नाहीतर हातातल्या मोबाईलवर असते. म्हणून आपण त्या कथेतून आधी एवढेच घ्यावे की, आई बाहेर गेली तेव्हा मूल बापाकडे सोपवले होते. मूल सांभाळणे हे बापाचे काम आहे, हे त्या घरात कोणाला निराळे सांगावे लागले नव्हते.

आईवर दोन्हींचा भार पडतो हे कायद्यानेही ओळखले आहे. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला, आणि सबंध देशासाठी १९६१ साली. त्यातली १२ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले म्हणजे ती मिळते. जिथे ५० किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिथे पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यावे, हेही त्यात आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी राखल्या. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून ही रजा मागताना संकोच करू नये. ती मेहेरबानी नव्हे, बाळाचा हक्क आहे. पण शेतमजूर, मोलकरीण, ऊसतोडणीला जाणारी माउली यांच्या हाती अशी रजा सहसा पडत नाही. तिच्या विश्रांतीचा कायदा तिच्या घरच्यांनीच करायचा.

आता आचरणाचे चार नियम सांगतो. माळ घालताना जसा नियम घेतो, तसेच हे घ्यावेत.

पहिला नियम पहाटेचा. ती उठते तेव्हा घरातल्या आणखी एकाने उठावे. पाणी भरणे, पोराला उठवून आवरणे, डबा भरणे, यांपैकी एक काम कायमचे आपले करावे. 'मदत करतो' असे म्हणू नये. मदत परक्याला करतात. आपल्या घरात आपण आपले काम करतो.

दुसरा नियम संध्याकाळचा. आई कामावरून आली की पहिला अर्धा तास तिचा आणि लेकराचा. त्या वेळी चहा दुसऱ्याने ठेवावा. दिवसभराचा दुरावा त्या अर्ध्या तासात पुष्कळसा भरून निघतो. पण आल्याबरोबर ती चुलीशी गेली, तर मूल पदर ओढते आणि बिचारे धपाटा खाते. हेच काम म्हाताऱ्या सासूवर ढकलून मोकळेही होऊ नये. तिचेही गुडघे झिजले आहेत.

तिसरा नियम एकादशीचा. उपास आपला आणि राबणूक तिची, असे होते. मुलांचा स्वयंपाक निराळा, आपली भगर आणि शेंगदाण्याची आमटी निराळी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण लोकांनी उगीच केली नाही. ज्याने उपास धरला त्याने आपले फराळाचे आपण करावे, नाहीतर केळ्यावर भागवावे. तो उपास अधिक शुद्ध होईल.

चौथा नियम वारीचा. पालखीबरोबर चालायचे तर सुमारे तीन आठवडे घर सोडावे लागते. आपण खांद्याला पताका लावून निघतो, आणि मागे नोकरी, मुले, गुरेढोरे सारे तिच्या माथी असते. निघण्यापूर्वी त्याची व्यवस्था लावावी. आणि एखाद्या वर्षी तिने तुळस डोक्यावर घ्यावी आणि आपण घरी राहून मुलांच्या वेण्या घालाव्यात. पंढरीनाथ त्या वर्षी तुमची वारी चुकली असे म्हणणार नाही.

मुलगा असो की मुलगी, दोघांकडून आतापासून ताटे उचलून घ्यावीत. हे संस्कार पाठांतराने होत नाहीत, बापाला बघून होतात.

तात्पर्य इतकेच. मिळवत्या मातेने दोन धर्म धरले आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. त्यांचा मेळ तिने एकटीने घालायचा नाही. जनीच्या जात्यापाशी देव बसला, कारण तिच्या बाजूला बसायला दुसरे कोणी नव्हते. आपल्या घरी तशी वेळ येऊ देऊ नये. आपण बसावे.

राम कृष्ण हरि.