दगड रंगावर घेऊ नकोस
घर बांधायला निघालेल्या भाच्याला मामाचे चार कानमंत्र

भाचेबुवा, वाईला घर काढलंस, बरं केलंस. आता दगडवाले, खडीवाले, फरशीवाले रोज दारात येतील आणि जो तो ‘एक नंबर माल’ म्हणेल. त्यांना चहा पाज, पण दगड स्वतः पारखून घे. माझा जन्म ओळंबा आणि थापीत गेला, म्हणून सांगतो.

आधी दाणे बघ. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला आणि उघड्यावर लवकर निवला. म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट हाही तापलेल्या रसाचाच, पण तो जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्यात पांढरे, गुलाबी, काळे दाणे वेगवेगळे दिसतात. साखरेच्या पाकाचंही असंच असतं: निवांत ठेवला तर खडे धरतात, घोटत राहिलं तर बारीक कणी पडते. रंगाने मात्र फसू नकोस. मुंबईच्या जुन्या इमारतींना लावलेला मालाडचा पिवळट दगडही ज्वालामुखीचाच, आणि दुकानात काळा म्हणून मिळणारा प्रत्येक दगड काही या घराण्यातला नसतो.

जोत्याचा दगड वाजवून घे. हातोडीचा हलका ठोका मार. खणखणीत वाजला तर अंगात भेग नाही, बद्द वाजला तर बाजूला ठेव. मग वर पाणी ओत आणि सुकू दे. सगळा दगड सुकला तरी एखादी रेघ ओलीच राहिली, तर तिथे चीर आहे असं समज. अंगावर भोकं आणि त्यांत पांढरे डोळे भरलेला मांजऱ्या दगड जोत्यात नको, तो उन्हापावसात झिजतो. विहिरीत तोच लागला तर मात्र नाराज होऊ नकोस, भेगाळलेल्या मांजऱ्यात आणि मुरमात पाणी धरतं. अखंड काळ्या पाषाणात चीर सापडल्याशिवाय थेंब मिळत नाही. चांगला काळा दगड किती टिकतो हे बघायचं असेल तर अंबरनाथचं शिवमंदिर बघून ये. १०६० सालचं काम, कोकणचा पाऊस खात उभं आहे.

आणि एक, घनफूटभर काळा दगड ८० किलोच्या घरात भरतो. दीड घनफुटाचा चिरा दोन माणसांनी उचलावा असा हट्ट धरू नकोस, कंबर गड्याची जाते.

भिंत बाहेरून बघू नकोस, आतून बघ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा रुंद रुंद दगडी भिंती कोसळल्या. दगड कच्चा नव्हता. भिंतीचा आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये माती आणि कपच्या. हादरा बसताच दोन्ही पदर सुटले. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायला लाव: उंचीत दर दोन फुटांना एक थर, आणि त्या थरात चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको. एवढा लांब दगड मिळाला नाही तर सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालेल. हे काम चालू असताना तू तिथे उभा राहा; गिलावा झाल्यावर काहीच दिसत नाही.

खडी टोकदार हवी, धूळ नको. खडीचे दगड एकमेकांत अडकतात म्हणून जोर येतो. रुळांखाली रेल्वे तोडलेली, कोनदार खडी घालते ती यासाठीच. स्लॅबची खडी मुठीत घेऊन चोळ. हात पांढुरका झाला तर मिसळण्याआधी पाणी मारून धुऊन घे. धुळीवर सिमेंट धरत नाही.

ओट्याची परीक्षा लिंबाने. दुकानातून हातभर तुकडा मागून आण. त्यावर लिंबाची फोड रात्रभर पालथी ठेव. सकाळी डाग निस्तेज, खरबरीत झाला असेल तर तो ग्रॅनाइट नव्हे, चुनखडीच्या जातीचा दगड. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर तिघांचं हेच होतं. सूनबाई रोज चिंच-लिंबू, टोमॅटो ओट्यावर चिरणार, तेव्हा ही परीक्षा टाळू नकोस. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला तेलाचा थेंब आणि हळद लाव. फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये ते मुरलं तर गडद रंग घे, नाहीतर सीलर मारून घे. शेगडीसाठी कापलेल्या भोकाचे कोपरे गोल ठेवायला सांग. दगड तडकतो तो टोकदार कोपऱ्यातूनच.

पाटा-वरवंटा घेणारच असशील, तर भोकं नसलेला, बारीक कणांचा काळा दगड घे. गुळगुळीत पाट्यावर मसाला नुसता सरकतो, म्हणून टाकी लावून घ्यावी लागते. नव्या पाट्यावर आधी जाडं मीठ आणि तांदूळ ओले करून वाट. वाटण करडं निघालं तर फेक, धू, पुन्हा वाट. पांढरं निघेपर्यंत त्यावर चटणी करू नकोस. वर्षा-दोन वर्षांनी खाचा बुजल्या की परत टाकी लाव, आणि त्या दिवशी तीच मीठ-तांदळाची वाटणी परत कर.

शेवटचं, आणि हे विसरू नकोस. ग्रॅनाइटमध्ये गारेचे कण असतात. कोरडा कापला की बारीक धूळ छातीत जाते आणि सिलिकोसिस होतो. तो रोग बरा होत नाही. कारागीर म्हणेल, ‘दोनच मिनिटांचं काम आहे, साहेब, सवय आहे मला.’ त्याला बादलीभर पाणी दे, पातीवर धार सोडून कापायला लाव, खिडक्या उघड आणि चांगला मास्क तुझ्या खर्चाने आण. दगडाच्या भावात शंभर रुपये सोडवून घेतलेस तर मी शाबासकी देईन, पण या खर्चात काटकसर केलीस तर वास्तुशांतीला मी जेवायला येणार नाही.