कोबीचीं रोपें कां कोलमडतात?

यवतमाळ जिल्ह्यांत ढाणकीकडील काळी जमीन ओल फार दिवस धरून ठेविते. कापसास हा गुण उपकारक. कोबी, फुलकोबी यांच्या वाफ्यांत मात्र तोच घातक ठरतो. पावसाळ्याच्या अखेरीस बीं टाकावें, रोपें हिरवीगार उगवावीं, आणि थोड्याच दिवसांत पाहावें तों तीं मातीलगत कुजून आडवीं पडलेलीं! बियाण्याचा पैसा जातो व लावणीची वेळही टळते. पुष्कळ जण दैवास बोल लावितात. परंतु दोष दैवाचा नाहीं, मातींतील बुरशीचा आहे.

या बुरशींस पिथियम व रायझोक्टोनिया अशीं नांवें आहेत. दाट पेरणी व सांचलेलें पाणी यांवर त्या माजतात. परंतु प्रत्येक बुरशी वैरीण नव्हे. ट्रायकोडर्मा नांवाची हिरवी बुरशी या वैरिणींच्या तंतूंस वेटोळें घालून त्यांतील रस शोषून घेते. रायझोक्टोनियावरील तिचा हा हल्ला रिचर्ड वाइंडलिंग यांनीं अमेरिकेंत 1932 सालीं दाखवून दिला.

आतां उपाय ऐका. वाफा वीतभर उंच करावा, म्हणजे पाणी निथळेल. 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतांत 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळावी. ढीग सावलींत ओलसर ठेवून गोणपाटानें झांकावा व मधून मधून खालवर करावा. सुमारें पंधरवड्यानें तें खत पेरणीपूर्वीं वाफ्यांत मिसळावें. बीं ओळींत विरळ टाकावें. पाणी बेतानें द्यावें. रंगीत बियाण्यास बहुधा बुरशीनाशक औषध लाविलेलें असतें; त्यास ट्रायकोडर्मा चोळूं नये, ती मातींतच द्यावी. तसेंच तिच्याबरोबर वाफ्यांत असें औषध ओतूं नये, कारण तें शत्रूबरोबर मित्रासही मारितें.

अकोला येथें 1969 सालीं स्थापन झालेलें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ विदर्भाच्या शेतकऱ्यांसाठीं आहे. तेथें किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. ही बुरशी सजीव आहे. म्हणून पुडीवरील मुदत पाहून घ्यावी व पुडी उन्हांत ठेवूं नये.

एक गोष्ट ध्यानांत असूं द्या: आडवें पडलेलें रोप कोणत्याही उपायानें उठत नाहीं. राखण पेरणीच्या आधीं बसवावी लागते. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस हा धडा वाचून दाखवावा व विचारावें:

1. काळ्या जमिनींत वाफा उंच कां करावा?
2. ट्रायकोडर्मा पेरणीपूर्वींच कां द्यावी?