फर्नेस बदलण्याआधी

चि. निखिल,


तू पाठवलेलं एस्टिमेट वाचलं. फर्नेस आणि एसी मिळून १८,५०० डॉलर, आणि खाली पेनाने लिहिलेलं की आज सही केली तर १,५०० कमी. सही करू नकोस. ज्याचा भाव संध्याकाळी सात वाजता संपतो, त्याला तू आणखी चार जणांना विचारलेलं नको असतं, एवढाच त्याचा अर्थ. ऑक्टोबर आत्ता कुठे लागलाय. कोलंबसला खरी थंडी पडायला अवकाश आहे.

आधी एस्टिमेट देणाऱ्याने फर्नेसवर चिकटवलेल्या धोक्याच्या लाल चिठ्ठीचं बघू. हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय असं तो म्हणाला आणि अनुजा घाबरली, साहजिक आहे. ज्या पत्र्याच्या पोकळीत गॅस जळतो ती हीट एक्स्चेंजर. आतून ज्वाळा, बाहेरून घरात फिरणारी हवा. तो पत्रा फुटला तर जळलेल्या गॅसचा धूर हवेत मिसळू शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो. आपल्याला जो कुजका वास ओळखीचा असतो तो न जळलेल्या गॅसचा, आणि तोही मुद्दाम मिसळलेला. म्हणजे भीती खरी आहे, आणि खरी आहे म्हणूनच तिच्यावर धंदा चालतो. बिल्डिंग खात्यात मेकॅनिकल इन्स्पेक्टर म्हणून माझी सगळी नोकरी लोकांच्या बेसमेंटमध्ये गेली. खरोखर फुटलेले एक्स्चेंजर पाहिले, आणि ठणठणीत फर्नेसवर चिकटवलेल्या लाल चिठ्ठ्याही पाहिल्या.

तेव्हा तडा कॅमेऱ्यातून दाखव म्हणावं. चिमणीत जाणाऱ्या धुरातला मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं, त्याचा आकडा छापून दे म्हणावं. दुसरा मेकॅनिक बोलाव, तपासणीचे पैसे दे, आणि 'मला आत्ता काही विकत घ्यायचं नाही' हे फोनवरच सांग. तो येईपर्यंत फर्नेस बंद ठेव, ऑक्टोबरात स्वेटरवर भागतं. मोनॉक्साइडचे अलार्म मात्र आजच बघ. प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवाच. आधीच्या मालकाने ठेवलेले असतील तर उलटे करून तारीख वाच. त्यांचं आयुष्य सात ते दहा वर्षांचं असतं. वाजला, तर खिडक्या उघडत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ लावायचा.

तुझी फर्नेस आणि एसी दोन्ही २००३ची आहेत, म्हणजे कधीतरी बदलावी लागणारच. पण तडा नाही असं निघालं तर हा हिवाळा जुन्या फर्नेसवरच काढ आणि तेवढ्या वेळात घर मोजून घे. माझं खरं सांगणं एवढंच आहे. लोक ब्रँड विचारतात. मी सगळ्या ब्रँडच्या चांगल्या बसवलेल्या आणि सगळ्या ब्रँडच्या वाट लावलेल्या फर्नेस पाहिल्या आहेत. यंत्र केवढं, आणि ते बसवणारा कोण, या दोन गोष्टींवर पुढची वीस वर्षं ठरतात.

केवढं, हे बघ. तुझ्या फर्नेसच्या पाटीवर १,००,००० बीटीयू इनपुट आणि ८० टक्के कार्यक्षमता आहे. तासाला एक लाखाचा गॅस जाळते, त्यातले ८०,००० घराला मिळतात, उरलेले २०,००० धुराच्या नळीतून बाहेर. त्याने सुचवलेली नवी ९६ टक्क्यांची, पण तीही एक लाखाचीच. म्हणजे घराला ९६,०००. हा आकडा कुठून आला? जुनी पाटी वाचून. १८०० चौरस फुटांच्या घराला एवढं लागतं का, हे कुणी तपासलंच नाही. तपासायची रीतसर पद्धत आहे, तिला मॅन्युअल जे म्हणतात. खिडक्या किती, कुठल्या दिशेला, अॅटिकमध्ये इन्सुलेशन किती इंच, भिंती कसल्या, सगळं भरून हिशेब निघतो. जो कंत्राटदार खिडक्या मोजत नाही त्याच्या कागदावर वेळ घालवू नकोस.

तुझा तूही हिशेब करू शकतोस. जानेवारीत एखाद्या कडाक्याच्या रात्री, थर्मोस्टॅट न हलवता, तासाभरात बर्नर एकूण किती मिनिटं पेटला ते लिहून ठेव. समज तीस मिनिटं पेटला. याचा अर्थ ८०,०००पैकी ४०,००० पुरले, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री. मग त्यावर थोडं जादा धरून ५०,००० ते ६०,०००ची फर्नेस भरपूर झाली. मोठी घेतली तर काय बिघडतं, असं आमचा दादा विचारेल. बिघडतं ते असं, की ती धाडकन पेटते, पाच-सहा मिनिटांत थर्मोस्टॅटजवळची हवा तापवते आणि बंद पडते. गॅरेजवरची खोली तोवर थंडच असते. शिवाय दर पेटण्या-विझण्याला सुटे भाग झिजतात.

एसीचं तर आणखी वाईट. त्याने ४ टनांचा लिहिलाय, म्हणजे तासाला ४८,००० बीटीयू. कोलंबसचा जुलै दमट असतो. एसीचं एक मोठं काम हवा सुकवायचं असतं आणि ते कॉइलवरून हवा बराच वेळ फिरली तरच होतं. गरजेपेक्षा मोठा एसी तापमान पटकन खाली आणतो आणि थांबतो. घर थंड, पण डब्यातले पापड सादळलेले. लोक मग आणखी दोन डिग्री खाली करतात आणि बिल वाढवून घेतात.

आता एक गोष्ट, जी त्या एस्टिमेटमध्ये नाहीच. बेसमेंटच्या फोटोत फर्नेसच्या शेजारी गॅसचा वॉटर हीटर दिसतोय, आणि दोघांच्या नळ्या एकत्र होऊन विटांच्या चिमणीत गेल्या आहेत. ९६ टक्क्यांची फर्नेस धुरातली वाफही थिजवून तिची उष्णता काढून घेते. तिचा धूर इतका गार असतो की तो पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडतात. म्हणजे फर्नेस चिमणी सोडून जाणार आणि त्या भल्यामोठ्या चिमणीत वॉटर हीटर एकटा उरणार. त्याच्या थोड्याशा धुराने ती तापत नाही. धूर आतच गार होतो, पाणी सुटतं, ते विटांमधला चुना खातं, आणि एखाद्या दिवशी धूर वर जाण्याऐवजी बेसमेंटमध्ये उलटतो. उपाय आहेत. चिमणीत बारीक धातूची नळी सोडता येते, नाहीतर पंख्याचा किंवा विजेवरचा वॉटर हीटर घेता येतो. पण त्याचे पैसे आधी धरले पाहिजेत. कंत्राटदाराला सरळ विचार, 'वॉटर हीटरच्या धुराचं काय करणार?' जो गप्प होईल तो बाद. आणि आत्ताच एक करून बघ. हीटर पेटून पाचेक मिनिटं झाली की त्याच्या डोक्यावरच्या छत्रीसारख्या टोपीजवळ उदबत्ती धर. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला गेला, तर हीटर बंद कर आणि त्याच दिवशी माणूस बोलाव.

उदबत्ती हातात आहे तोवर वाऱ्याच्या दिवशी अॅटिकच्या झाकणाच्या कडेने आणि बेसमेंटच्या भिंतीवर जिथे लाकूड टेकतं तिथेही फिरव. धूर जिथे थरथरेल तिथून तुझे डॉलर बाहेर चाललेत. ती फट बुजवायला शे-दोनशे लागतील, आणि फटी बुजल्या की फर्नेस आणखी लहान चालेल. म्हणून हे आधी करायचं.

बसवणाऱ्याला विचारायच्या गोष्टी थोड्याच. नव्या एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडणार का? व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत नेणार? उत्तर ५०० किंवा त्याखाली असं हवं. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट (सीएफएम) हवा लागते, तेवढी तुझ्या जुन्या डक्टमधून जाते का, म्हणजे डक्टमधला दाब मोजणार का? तुझ्याकडे हवा परत आणणारी जाळी एकच दिसते, तिथेच गाडं अडेल. परमिट काढणार का? 'परमिट नको, स्वस्तात करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप दे. इन्स्पेक्टर तुझ्या खिशाला लागलेला मुंगळा नसतो, फुकटात मिळालेला दुसरा डोळा असतो. मी नोकरीला होते म्हणून म्हणत नाही.

तुझ्या जुन्या एसीत आर-२२ हा गॅस आहे. त्याचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२०पासून बंद झाली, म्हणून त्यात गॅस भरून घेण्यावर पैसे घालू नकोस. गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, कमी झाला तर कुठेतरी गळतोय. आर-४१०एची नवी घरगुती यंत्रं बनवणंही १ जानेवारी २०२५पासून थांबलं. आता आर-४५४बी किंवा आर-३२ची येतात. ते गॅस किंचित ज्वलनशील आहेत, म्हणून त्यांच्यावर शिकलेला माणूस हवा, पण घाबरायचं कारण नाही. ज्या कंत्राटदारांकडून नवे भाव घेशील त्यांतल्या एकाकडून एसीच्या जागी हीट पंपाचाही भाव माग. उन्हाळ्यात तो एसीच असतो, हिवाळ्यात उलटा फिरून घर तापवतो आणि फार गारठा पडला की गॅसची फर्नेस सूत्रं घेते. विजेचा आणि गॅसचा दर मांडून मग ठरव. आणि कागदावरची फेडरल टॅक्स क्रेडिटची ओळ खोडून टाक, ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. वीज कंपनीची सूट असेल तर तिची चौकशी तू स्वतः कर, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नकोस.

राहिली निगा. त्यातली बरीचशी फिल्टरमध्ये आहे. आपल्या घरांत तो इतरांपेक्षा लवकर भरतो. तुझी हवा परत ओढणारी जाळी स्वयंपाकघराला लागून आहे, आणि गॅसवरचा पंखा वास बाहेर न सोडता गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. फोडणीचं तेल हवेत उडतं, फिल्टरला चिकटतं, त्यावर धूळ बसते. महिन्याने काढून बघ, नुसता राखाडी नसतो, पिवळट आणि चिकट असतो. एक इंची फिल्टर एमईआरव्ही ८चा घे. तेरा नंबरचा घेतला की हवा स्वच्छ होईल म्हणून लोक घेतात, पण अरुंद डक्टमध्ये तो श्वास कोंडतो आणि उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ धरलाच तर थंड करणं बंद, नुसता पंखा चालू. फिल्टरवरचा बाण फर्नेसकडे असू दे, आणि कडेवर पेनाने तारीख लिही. स्वयंपाकघरातल्या पंख्याची नळी बाहेर काढता आली तर ती नव्या एसीपेक्षा आधी काढ.

दादा-वहिनी मे महिन्यात येतील. दादा पहिल्याच दिवशी घरभर फिरून रिकाम्या खोल्यांच्या झडपा बंद करील, 'वाया जातंय' म्हणून. गोड बोलून उघडून ठेव. चार झडपा मिटल्या की डक्टमधला दाब वाढतो, हवा फटींतून गळते, वाचत काही नाही. बाहेरच्या यंत्रावर जूनच्या सुमाराला कॉटनवुडच्या झाडांचा कापूस बसतो. मेन स्विच बंद करून बागेच्या नळीने हळू धुवायचं. हिवाळ्यात त्याला प्लॅस्टिकने गुंडाळू नकोस, आत ओल धरते आणि उंदीर संसार मांडतात.

फर्नेस बंद पडली तर फोन करण्याआधी बेसमेंटच्या जिन्यातला तो लाल पाटीचा स्विच बघ. दिव्याचा समजून कुणीतरी बंद केलेला असतो. मग फर्नेसचं खालचं दार नीट बसलंय का ते, कारण ते सैल असेल तर आतला स्विच तिला चालूच होऊ देत नाही. दारावरच्या छोट्या काचेतून दिवा लुकलुकताना दिसेल. किती वेळा लुकलुकतो ते मोज, अर्थ दाराच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. पेटते, चार-पाच सेकंदांत विझते, दोन-तीनदा असं करून गप्प बसते, असं असेल तर बहुधा फ्लेम सेन्सरवर काजळी आहे. एका स्क्रूवरची बोटभर दांडी असते, वीज आणि गॅस बंद करून घासणीने हलके पुसली की झालं. मात्र एसीच्या बाहेरच्या यंत्रातल्या कपॅसिटरला हात लावू नकोस. यंत्र गुणगुणतंय पण पंखा फिरत नाही, तर बरेचदा दोष त्याचाच असतो. भाग स्वस्त असतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. तिथे माणूस बोलाव, आणि 'अख्खं यंत्र गेलं' म्हणाला तर कपॅसिटर मोजून दाखव म्हण.

वॉटर हीटरच्या टोपीचा आणि वरच्या नळीचा जवळून एक फोटो पाठव, उदबत्तीच्या धुरासकट असला तर उत्तम. नवी एस्टिमेटं आली की तीही पाठव. किमतीचं पान नंतर बघू, आधी त्यांनी खिडक्या मोजल्यात का ते मला बघायचंय. अनुजाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या