अंगकोर का पडलं?

इ.स. १४३१ मध्ये सयामच्या अयुथयाने अंगकोर जिंकलं आणि ख्मेर राजधानी दक्षिणेला सरकली. पण नुसत्या तलवारीने एवढं मोठं शहर पडतं का?

अंगकोरचा जीव पाण्यात होता. पश्चिम बराय हा एकच तलाव सुमारे ८ किमी लांब, २ किमी रुंद. त्याला कालव्यांचं जाळं. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून कळतं, की १४व्या-१५व्या शतकांत तिथे दीर्घ दुष्काळ पडले आणि मधूनच जबरदस्त पाऊस झाला. पुरांनी कालवे फोडले, गाळाने बुजवले. एक भाग बंद पडला की भार पुढच्यावर. त्यात सततची युद्धं; दुरुस्तीला माणसं आणायची कुठून?

पुढे १५९४ मध्ये लोवेक ही राजधानीही सयामने घेतली.

बांधणं सोपं नाहीच, पण मेंटेनन्स त्याहून कठीण. इंजिनिअरने एवढं लक्षात ठेवावं.