शेतमाल विक्रीसाठी इंटरनेटवरील फोन : सेवा निवडताना घ्यावयाची काळजी

तूर, हरभरा नुसता बाजार समितीत न नेता त्याची डाळ, बेसन करून थेट गिऱ्हाइकाला विकणारे शेतकरी गट आपल्या भागात आता नवे राहिलेले नाहीत. शेगावला श्रींच्या दर्शनास आलेला भाविक किलोभर डाळ घेऊन जातो आणि आवडली तर नाशिकहून किंवा नागपूरहून पिशवीवरील क्रमांकावर फोन करतो. तो क्रमांक बहुधा गटाच्या अध्यक्षाच्या मोबाईलचा असतो. अध्यक्ष डवरणीला गेले की फोन घरीच राहतो. अध्यक्ष बदलले की क्रमांकही त्यांच्याबरोबर जातो आणि गिऱ्हाईक तुटते.

यावर इंटरनेटवरील फोन हा चांगला उपाय आहे. यात गटाचा एकच क्रमांक राहतो. त्यावर आलेला फोन तीन-चार सभासदांच्या मोबाईलवर वाजतो व जो मोकळा असेल तो घेतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. २१ जानेवारी २००४ पासून सुरू असलेल्या या सेवेत क्रमांक एक आणि उत्तर देणारे अनेक, हीच पद्धत आहे. व्हॉट्सॲपवरून फुकट बोलता येत असताना हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. परंतु साधा मोबाईल किंवा लँडलाइन वापरणारे गिऱ्हाईक त्यावर फोन करू शकत नाही.

या फोनमध्ये आवाजाचे सेकंदाला साधारण ५० तुकडे होऊन ते इंटरनेटवरून जातात व पलीकडे जोडले जातात. तुकडे उशिरा पोचले तर बोलणे तुटक ऐकू येते. एका संभाषणास दोन्ही बाजूंस प्रत्येकी सुमारे १०० किलोबिट वेग पुरतो, म्हणजे तासाभराच्या बोलण्यास साधारण ९० एमबी. तेव्हा विक्रेता मोठ्या वेगाची महागडी योजना गळ्यात मारू लागला तर घाई करू नये. वेगापेक्षा जोडणी स्थिर असणे महत्त्वाचे. शेगावात प्रगट दिन, रामनवमी, ऋषिपंचमी या दिवशी लाखो भाविक येतात व मोबाईलच्या मनोऱ्यांवर ताण पडतो. नेमकी तीच आपल्या विक्रीची वेळ. म्हणून फायबरची तार मिळत असेल तर कार्यालयातील फोन तिच्यावरच घ्यावा आणि मोबाईल डेटा अडीअडचणीसाठी ठेवावा.

क्रमांक कोणाच्या नावावर ?

दर विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा. इंटरनेट फोन विकणाऱ्या काही संस्था मोठ्या दूरसंचार कंपनीकडून क्रमांक घेऊन आपल्याला वापरायला देतात. सेवा सोडली की क्रमांक त्यांच्याकडेच राहतो. बटाईने केलेल्या शेतात स्वखर्चाने विहीर खोदण्यासारखे हे आहे. मोबाईल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय ३ जुलै २०१५ पासून देशभर आहे, परंतु ०७२६५ ने सुरू होणाऱ्या लँडलाइन क्रमांकास ती लागू नाही. म्हणून सेवा बंद केल्यावर क्रमांकाचे काय होईल, ते करारात लेखी घ्यावे. करार व बिल अध्यक्षाच्या नावे नव्हे, गटाच्या नावे करावे.

विक्रेता ज्या कंपनीची सेवा देतो तिच्याकडे दूरसंचार विभागाचा परवाना आहे का, हेही पाहावे. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीस मर्यादित परवानगी मिळाली; २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना ॲपवरून साध्या फोनशी बोलणे जोडून देण्याचा मार्ग मोकळा झाला. परवाना नसलेली स्वस्त सेवा एखाद्या दिवशी अचानक बंद पडेल आणि पोलीस चौकशीही मागे लागेल.

वीज गेल्यावर

जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधील बॅटरीतून तारेतच वीज मिळत असे, त्यामुळे भारनियमनातही तो फोन वाजे. इंटरनेटवरील फोनचे तसे नाही. फायबरची पेटी व राउटर बंद पडले की फोनही बंद. ही बाब विक्रेता सहसा आपण होऊन सांगत नाही. उपाय मात्र अवघड नाही. राउटर साधारण १० ते १५ वॅट वीज घेतो. फवारणी पंपात असते तशी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी तेवढा भार पाच-सहा तास ओढते. तथापि ती थेट जोडू नये. व्होल्टेज स्थिर ठेवणारा लहान यूपीएस बाजारात मिळतो, तो वापरावा. वीज व इंटरनेट दोन्ही गेले तर आलेला फोन आपोआप एखाद्या सभासदाच्या साध्या मोबाईल क्रमांकावर वळविला जाईल, अशी सोय असलेलीच सेवा घ्यावी. त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे आधी विचारावे.

वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. प्रथम महिनाभर सेवा चालवून पाहावी आणि त्यात गर्दीचा निदान एक दिवस येईल असे बघावे. त्या दिवशी तिघांनी एकाच वेळी फोन लावावा : तिघांनाही घंटा ऐकू येते की दोघांना व्यस्त असल्याचे सांगितले जाते, आवाज तुटतो का, हे वहीत टिपावे. मग मेन स्विच बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. डाळीच्या पिशव्यांवर नवा क्रमांक छापण्याचे काम तोपर्यंत थांबवावे.