शेळ्या गाडीत चढल्या की विकणाऱ्याची जबाबदारी संपते का?

अनसिंग, वाशीम, पुसद या पट्ट्यात सोयाबीनचा पैसा हातात आला की शेळ्यांची चौकशी सुरू होते. कुणाला उस्मानाबादी हवी असते, कुणाला सिरोही किंवा सोजत, कुणी बोअरच्या मागे असतो. बेरारी ही आपल्या वऱ्हाडाचीच जात, ती जवळपास मिळते. बाकीच्या मात्र धाराशिव-लातूरकडून, फलटणकडून, नाहीतर थेट राजस्थानातून येतात. म्हणजे फार्म आणि आपला गोठा यांच्यामध्ये एक रात्र, कधी दोन रात्रींचा प्रवास असतो. घेणारा दात पाहतो, कास पाहतो, गाभण आहे का ते चाचपतो, किलोमागे दहा रुपयांसाठी तासभर ताणतो. गाडीचा विषय निघाला की मात्र ‘तुम्ही काळजी करू नका भाऊ, दारात उतरवून देतो’ या एका वाक्यावर विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते पोळल्यावर सांगतो आहे: वाहतूक हा सौद्याचाच भाग आहे. गाडी कुणाची, तीत किती जनावरं, वाटेत जनावर मेलं तर ते कुणाचं, हे इसार देण्याआधी ठरलं नसेल तर सौदा अर्धाच झालेला असतो, आणि उरलेला अर्धा विकणारा आपल्या सोयीने पुरा करतो. माझी हकीकत सांगत बसत नाही, त्या फार्मचं नावही घेत नाही. प्रश्न एका फार्मचा राहिलेला नाही.

विकणाऱ्यांची रीतच पाहा. इसार मिळेपर्यंत फोन पहिल्या घंटीला उचलला जातो, रात्री दहालाही व्हिडिओ येतात, एकेक शेळी फिरवून दाखवली जाते. पूर्ण रक्कम जमा झाली आणि गाडी सुटली की तोच माणूस ‘ड्रायव्हरशी बोला’ म्हणतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘मला भरून दिल्या तशा आणल्या, मालकाशी बोला.’ शेळ्या उतरल्यावर एखादी उठलीच नाही तर उत्तर तयार असतं: आमच्याकडून ठणठणीत निघाल्या होत्या, वाटेत दमल्या. चार दिवसांनी खोकला, हगवण लागली तर दुसरं उत्तर: तुमच्याकडचं पाणी मानवलं नाही. आणि फार विचारलं तर तिसरं, सगळ्यात लागणारं: तुम्हीच घाई केली. हे तिसरं उत्तर मला अजिबात मान्य नाही. जो आयुष्यात पहिल्यांदा दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट घेतो, त्याला गाडी कशी भरावी हे कुठून माहीत असणार? दर आठवड्याला गाड्या भरून पाठवणाऱ्याला मात्र ते पक्कं माहीत असतं. ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे जबाबदारी, एवढा साधा न्याय इथे उलटा केला जातो.

‘जिवंत जनावर आहे, त्याची हमी कोण देणार?’ हा विकणाऱ्यांचा खरा युक्तिवाद, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. पुढे सहा महिने शेळी कशी राहील याची हमी कुणीच देऊ शकत नाही. पण प्रवासाची गोष्ट वेगळी आहे, आणि कायदाही तसंच सांगतो. १९३०च्या मालविक्री कायद्यात जनावर हा मालच धरला जातो. त्याच्या कलम ३९ प्रमाणे माल गाडीवाल्याच्या हवाली झाला की तो खरेदीदाराला पोचला असं सर्वसाधारणपणे मानतात. फार्मवाले हाच अर्धा भाग सांगतात. त्याच कलमाचा पुढचा भाग असा आहे की वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याने मालाचं स्वरूप पाहून गाडीवाल्याशी योग्य तो करार करायला हवा. तो केला नाही आणि वाटेत नुकसान झालं, तर खरेदीदार ती पोच नाकारू शकतो किंवा भरपाई मागू शकतो. शेळी हे सिमेंटचं पोतं नव्हे. ‘मालाचं स्वरूप’ म्हणजे इथे जागा, हवा, पाणी आणि चारा. त्याच कायद्याचं कलम २२ किलोवर सौदा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: किंमत ठरवण्यासाठी वजन करणं विकणाऱ्याकडे असेल, तर ते होऊन तुम्हाला कळेपर्यंत मालकी तुमच्याकडे येत नाही. म्हणून आधी काटा, मग चढवणं, आणि प्रत्येक शेळीच्या वजनासमोर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर. स्वतः राबून पोट भरण्यासाठी गट घेतला असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण ग्राहक ठरतो. व्यापारासाठी घेणाऱ्याला ती वाट नाही.

आता रोगाकडे येतो, कारण सगळे वाद तिथेच अडकतात. पीपीआरचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप दिसेपर्यंत साधारण ४ ते ६ दिवस जातात. मग उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी अंग तापलं, नाका-डोळ्यांतून पाणी आलं, तोंडात फोड दिसले, तर ती लागण आपल्या गोठ्यातली कशी असेल? ती फार्मवरचीच असते. दाटीवाटी, ऊन-वारा आणि उपास यांनी शेळीची ताकद खचते आणि एरवी घशात निपचित असलेले जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. तो मात्र दोन-तीन दिवसांतही दिसू शकतो, आणि त्याचं मूळ गाडी कशी भरली यात असतं. ‘तुमचं पाणी लागलं नाही’ या उत्तराला माझा आक्षेप आहे तो याच कारणाने. दिवस मोजा, म्हणजे दोष कुणाचा याचा बराचसा उलगडा होतो. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं, पण ते यायला दोनेक आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचून ‘लस झालेली आहे’ असं सांगणं म्हणजे सरळ फसवणूक आहे. लसीची तारीख विचारा, आणि आंत्रविषाराची लस कधी दिली तेही विचारा. सहा तासांहून लांबच्या प्रवासाला १९७८च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला लागतोच: शेळी प्रवासाला लायक आहे, तिला संसर्गजन्य रोग नाही, असा. गोठ्यात पाऊल न टाकता दिलेल्या दाखल्याला काडीची किंमत नाही. त्यावर बिल्ल्यांचे नंबर असले तरच तो तुमच्या शेळ्यांचा दाखला.

जागेचा हिशेब तर कुणीही टेप घेऊन करावा. २०१५च्या दुरुस्तीने केंद्रीय मोटार वाहन नियमांत जनावरांच्या गाड्यांसाठी वेगळा नियम आला. त्यात शेळी-मेंढीला प्रत्येकी ०.३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन चौरस फूट जागा आणि कायमचे आडोसे सांगितले आहेत. साडेआठ बाय साडेपाच फुटांचा पिकअपचा हौदा धरला तर सुमारे ४७ चौरस फूट होतात. त्यात बसतात १४ शेळ्या. अकरा जनावरांचा गट त्यात व्यवस्थित येतो. अडचण होते ती त्याच गाडीत आणखी दोन गिऱ्हाइकांच्या शेळ्या कोंबल्या जातात आणि हौद्यावर फळ्या टाकून वर दुसरा माळा केला जातो तेव्हा. वरच्यांचं मूत खालच्यांच्या अंगावर, मधली बसली की पायाखाली, आणि गाभण शेळी बोकडाच्या शेजारी. १९७८चे नियम बोकड आणि माद्या एकाच कप्प्यात नकोत म्हणतात, सहा आठवड्यांखालच्या करडांना वेगळा कप्पा मागतात, पाय बांधायला मनाई करतात, खाली निदान ५ सेंटीमीटर जाड गवताचा थर आणि सोबत प्रवासाला पुरेल एवढा चारा मागतात. आपल्याकडे सोयाबीनच्या कुटाराला तोटा नाही, तुरीचं कुटार तर शेळ्या आवडीने खातात. पण गाडी फार्मवाल्याची असली की खाली नुसता पत्रा. नियम आहेत तर पोलीस बघतील, असंही समजू नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांच्या दंडाला कुठला गाडीवाला भिणार? तेव्हा हे नियम आपल्या कागदावर अट म्हणून उतरले तरच त्यांचा उपयोग.

यावर लोक म्हणतात, फार्मची गाडी स्वस्त पडते, तीन गिऱ्हाइकांत भाडं वाटलं जातं. खरं आहे. समजा स्वतंत्र गाडीला बारा हजार लागले आणि वाटणीत चार हजार. अकरा जनावरांवर फरक पडतो शेळीमागे सव्वासातशे रुपयांचा. एक गाभण शेळी वाटेत गेली की हा सगळा वाचवलेला पैसा गेलाच, वर पोटातली करडं गेली ती निराळी. शिवाय दुसऱ्याच्या कळपातला रोग आपल्या गोठ्यात येतो, त्याचा हिशेब कुठल्याच वाटणीत नसतो. दुसरा आक्षेप विश्वासाचा: एवढ्याशा खरेदीला कागद मागितला तर समोरचा माणूस दुखावतो. जो दोन ओळी लिहायला दुखावतो, तो नुकसान झाल्यावर भरून देईल हे मला कुणी पटवून द्यावं. ओळखीच्या माणसाशीही कागद करावा. त्याने ओळख टिकते. आणि शेळी काटक असते, तिला काही होत नाही, हा तिसरा आक्षेप तर शेळीच्याच जिवावर उठलेला आहे. रानात दिवसभर चालणारी शेळी हलत्या पत्र्यावर बारा तास उभी राहते तेव्हा तो काटकपणा पुरत नाही.

कागदात काय असावं हेही सांगतो. जनावरांची संख्या, बिल्ल्यांचे नंबर, वजन, लसींच्या तारखा, गाडीचा नंबर, एका गाडीत जास्तीत जास्त किती जनावरं, वाटेत कुठे पाणी द्यायचं, आणि उतरण्याआधी मेलेल्या जनावराची किंमत कोण सोसणार. किमतीचा काही भाग, चौथा हिस्सा तरी, उतरवून मोजून घेतल्यावर द्यायचा असं ठरवा. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्याने याला नाही म्हणण्याचं कारण नाही. जमलं तर गाडी आपल्या गावची, ओळखीच्या ड्रायव्हरची न्या, आणि भरताना स्वतः उभे राहा. वजनाआधी मीठ चारून पाणी पाजतात, तेव्हा काटा सकाळी चाऱ्याआधीचा मागा. एप्रिल-मे टाळा, टाळता येत नसेल तर संध्याकाळी भरून रात्रीत अंतर कापा. समृद्धी महामार्गाने शेलूबाजार किंवा मालेगावला उतरणं सोपं झालं आहे, पण दुपारी त्या काँक्रीटवर सावली शोधून सापडत नाही. विमा उतरवत असाल तर प्रवासातला मृत्यू त्यात धरला आहे का ते लेखी विचारा. बहुतेक जनावर-विम्यांत सुरुवातीच्या १५ दिवसांतला रोगाचा मृत्यू धरत नाहीत. शेळ्या उतरताना प्रत्येकीचा व्हिडिओ काढा, ड्रायव्हरच्या तोंडून संख्या वदवून घ्या. आधी थोडं थोडं पाणी, मग सुका चारा, दाणा पहिले दोन-तीन दिवस नाहीच. आणि २१ दिवस त्या जुन्या कळपात मिसळू नका. पाण्याची भांडी स्वच्छ ठेवावीत, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे सगळेच सांगतात, तेही पाळा.

अनुदानाच्या गटातल्या लाभार्थ्यांना एक वेगळी विनंती. खरेदीच्या दिवशी अधिकारी, कागदपत्रं, फोटो या गडबडीत गाडीकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि फार्मवाल्यांना ते ठाऊक असतं. सही करण्याआधी हौद्यात डोकावून पाहा. माळा टाकलेला दिसला, किंवा दुसऱ्या कुणाच्या शेळ्या आधीच उभ्या दिसल्या, तर त्या गाडीत आपली एकही शेळी चढवू देऊ नका आणि उरलेले पैसे देऊ नका.